होडीचे खोडलेले कलम

मी, खाली सही करणारी, असे लिहून ठेवते की आज माझा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे, डाव्या भुवईवर टाके आहेत, दोन बरगड्यांना तडा गेला आहे आणि डोके पूर्ण ताळ्यावर आहे. डोके ताळ्यावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बाकीच्या गोष्टी बघणाऱ्याला दाखल्याशिवाय दिसतात. हे मी माझ्या राजीखुशीने करत आहे, माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला जो आला होता त्याची हकीकत पुढे येईल.

हात चालत नसल्यामुळे मी तोंडी सांगत आहे आणि वकीलबाईंचा कारकून लिहून घेत आहे. मी बोलेन ते सगळे उतरवायचे, मध्येच काही गोडगोड करायचे नाही, अशी ताकीद त्याला दिली आहे. तो म्हणाला, "मावशी, कोर्टात असली भाषा चालत नाही हो." मी म्हटले, "मी मेल्यावर चालेल." आता तो निमूटपणे लिहितो आहे.

कलम १. नवरा हयात असताना मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात सगळे नवऱ्याला होते आणि तोच आधी गेला. लग्न नवे असताना त्याने एकदा माझ्यावर हात उचलला. मी शेगडीवरचे तापलेले पातेले उचलून त्याच्या खांद्यावर हाणले. त्यानंतर आमचा संसार सुखाचा झाला. हे मी गमतीने सांगत नाही. माणूस खरोखर चांगला निघाला, आणि गेला तेव्हा मी धाय मोकलून रडले. पहिल्याच वेळी उलटून हाणले की प्रश्न मिटतो, हे तेव्हापासून माझे पक्के मत आहे. माझ्या मुलीला ते पटत नाही.

कलम २. माझ्या देहाचे काय करायचे ते धाकट्या बहिणीने ठरवावे. फक्त जावयाने देहाला हात लावू नये. तो रडत येईल. त्याला रडणे छान जमते, बघणाऱ्याचेही डोळे भरून येतात. त्याला दारातच थांबवावे, आणि ऐकला नाही तर भाच्याला बोलवावे. भाचा गॅरेज चालवतो आणि इंजिन एकटा उचलतो.

कलम ३. राहते घर, म्हणजे पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागचे अंगण, हे सर्व माझ्या धाकट्या बहिणीला मिळावे. कागदावर नाव माझे एकटीचे असले तरी निम्म्या भिंती तिच्या पगाराच्या आहेत. जन्मभर तिने इस्पितळाच्या धोबीखान्यात रक्ताच्या चादरी उकळल्या आणि कधी तक्रार केली नाही. मी तक्रारीच केल्या. घर मुलीला का नाही, असे कोणी विचारेल. मुलीला मी विचारले होते. ती म्हणाली, "नको. त्या घरात पाऊल टाकलं की मी परत दहा वर्षांची होते." बँकेत जे काही आहे तेही बहिणीलाच, म्हणजे तिने छपराचे पत्रे बदलून घ्यावेत. ती नाही बदलणार, खाली बादली ठेवेल. पण मी सांगून ठेवते.

कलम ४. थोरल्या भावाला काहीही नाही. वडिलांच्या दुकानात माझाही वाटा आहे, असे मी त्याला सांगायला गेले होते. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि दुकानाचे शटर खाली ओढले. माझी करंगळी आत होती. तिचे नख पुन्हा नीट आलेच नाही. ते शटर त्याला लखलाभ असो.

टाक्यांच्या कारखान्यातल्या मुकादमालाही काही नाही. उगाच आठवण आली म्हणून त्याचे नाव घेतले. मी तिथे उमेदीची सगळी वर्षे फायबरच्या पाण्याच्या टाक्या आणि न्हाणीघरातले टब केले. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई. ती साच्यावर अंथरायची आणि वरून रेझिन, म्हणजे डिंकासारखे चिकट रसायन, ओतून रोलर फिरवायचा. धागे कातडीत घुसतात, बाई घरी गेली तरी खाजवतच असते. मुकादम येताजाता अंगाला घासून जायचा. एक दिवस मी ओल्या रेझिनने भरलेला रोलर त्याच्या तोंडावरून वरून खाली फिरवला. भुवया कापूनच काढाव्या लागल्या म्हणे. मला महिनाभर घरी बसवले, पण नंतर तो लांबून जायला लागला.

कलम ५. मागच्या घरातले निवृत्त मास्तर यांना माझ्या कपाटातला एक नवा, न वापरलेला मास्क द्यावा. आम्ही मागच्या अंगणात होडी दुरुस्त करतो, ती घासताना धूळ उडते, रेझिनचा वास येतो, म्हणून त्यांनी नगरपालिकेत अर्ज केले, पोलीस आणले आणि माझ्या बहिणीला रस्त्यात अडवून सुनावले. पण ज्या दुपारी जावई कुऱ्हाड घेऊन आला त्या दुपारी मास्तरांनी आपली खिडकी आतून लावून घेतली. ती लावताना मी पाहिले. मी जमिनीवर पडले होते आणि ती खिडकी बरोबर समोर होती. मास्क त्यांच्या मापाचा आहे.

कलम ६. आता होडी. ही होडी माझी नाही, मुलीची आहे. पण पावती माझ्या नावावर आहे. मुलीच्या नावावर केली असती तर जावयाने ती आठवड्यात विकली असती, म्हणून आम्ही तसे ठरवले होते.

मुलगी धक्क्यावर, लाँचच्या खिडकीत, तिकिटे फाडते. जावई तीच लाँच चालवतो. दिसायला देखणा आणि बोलायला गोड. धक्क्यावर सगळे त्याला राजा म्हणतात. घरी हा राजा काय करतो ते मला पहिल्यांदा मुलीच्या मोडलेल्या गळपट्टीच्या हाडावरून कळले. ती म्हणाली, जिन्यावरून पडले. त्यांच्या घराला जिना नाही. मी विचारले, "मग तू काय मारलंस?" ती म्हणाली, "आई, मी काय मारणार?" मग ती परत गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. येताना सुजलेली यायची आणि जाताना हसत जायची. मला येण्यापेक्षा त्या जाण्याचाच संताप जास्त यायचा.

धक्क्यामागच्या भंगारात ही जुनी फायबरची होडी पालथी पडून होती. आत विटांचे तुकडे आणि कुत्रीची पिल्ले होती. मुलीने ती आपल्या पैशाने विकत आणली. पलीकडच्या काठावर लाँच थांबत नाही, तिथल्या लोकांचे सामान आणि माणसे नेण्याचा तिचा बेत आहे. चालवण्याच्या परवान्याची परीक्षा ती एका दमात पास झाली. होडी आमच्या मागच्या अंगणात टायरांवर पालथी ठेवली, आणि आम्ही दोघी मायलेकी कामाला लागलो. घासताना ती हसायची, मास्कच्या आतून गाणी म्हणायची. इतकी वर्षे ऐकली नव्हती ती गाणी.

इंजिन जिथे टांगतात ती मागची फळी बाहेरून ठणठणीत आणि आतून कुजलेली निघाली. पेचकसाने उकरले तर प्लायवूडचा ओला चोथा हातात आला. सगळे काढून नवी फळी बसवली. ती मढवायची होती त्या दिवशी जावई फुले घेऊन आला. "आई, मी करतो. तुम्ही दोघी बसा." मी बसले. माणूस सुधारतोय, असे मला वाटले, हे कबूल करते. त्याने चटई छान अंथरली, रेझिन नीट मुरवले, एक बुडबुडा ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी बोट लावले तर चिकट. आठवड्याने बघितले तरी चिकट. रेझिनमध्ये हार्डनर घातला नाही तर ते कधीच घट्ट होत नाही, त्यावर माश्या बसून मरतात. मुलगी लगेच म्हणाली, "आई, मीच विसरले गं. मिसळलं मीच होतं." माझी मुलगी हार्डनर बाटलीच्या झाकणाने मोजते आणि मोजताना मोठ्याने आकडा म्हणते. ती विसरत नाही. त्याने केले ते मला कळले, आणि ती त्याच्यासाठी खोटे बोलते आहे हेही कळले.

तो सगळा थर आम्ही पत्र्याने खरवडून काढला आणि फळी पुन्हा मढवली. मग मी धक्क्यावर गेले आणि भरल्या लाँचसमोर त्याला म्हटले, "एवढी मोठी लाँच चालवतोस, आणि झाकणभर हार्डनर घालता येत नाही होय रे राजा?" माणसे हसली. तिकिटाच्या खिडकीतून मुलीने मान खाली घातली. राजाही हसला. त्याचे ते हसणे मला तेव्हाच आवडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मागच्या भिंतीवरून कुऱ्हाड घेऊन उतरला. बहीण बाजारात होती, मुलगी आत हात धूत होती. मी होडीच्या तळावर नुकतीच ओली चटई अंथरून रोलर फिरवत होते. त्याने पहिला घाव मागच्या फळीवर घातला. ती आम्ही नव्याने मढवली होती, कुऱ्हाड उडाली आणि त्याच्या हाताला झिणझिण्या आल्या. दुसरा घाव तळावर, जिथे जुने फायबर आम्ही घासून पातळ केले होते. पाते आरपार गेले आणि ओल्या चटईत रुतून बसले. तो ओढतो, ते निघत नाही. पाय घसरला आणि तो छातीवर ओल्या रेझिनमध्ये आडवा पडला. शर्ट चिकटला, बाह्या चिकटल्या, काचेचे धागे हनुवटीला दाढीसारखे लोंबू लागले. मला हसू आले. तेवढे त्याला सहन झाले नाही.

भिंतीला वल्हे टेकवून ठेवले होते, ते त्याने उचलले. पहिला फटका मी हाताने अडवला. मनगट मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. दुसरा भुवईवर बसला. मी पडले, मग त्याने लाथा घातल्या. माझ्या डोक्याशी उरलेल्या रेझिनची बादली होती. हार्डनर घातलेले रेझिन बादलीत राहिले की आपसूक तापते, धूर येतो, हात लावणे मुश्कील होते. मी डाव्या हाताने ती बादली त्याच्या पायांवर उलटी केली. पायात सपाता होत्या. तो असा किंचाळला की मला माझ्या बरगड्यांचा विसर पडला. मुलगी धावत आली, तिने त्याला कमरेला मिठी घालून मागे ओढले. त्याचे कोपर तिच्या तोंडावर बसले आणि समोरचा दात तुटून माझ्या पदरावर पडला.

जाताना तो लंगडत होता पण आवाज अगदी शांत होता. "घरी चल," तो तिला म्हणाला. "आली नाहीस तर होडी फोडीन. तुम्ही बांधा, मी परत येऊन फोडीन. मला काय, वेळच वेळ आहे."

इस्पितळात डॉक्टरांनी विचारले, काय झाले? मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "आई होडीवरून पडली." तुटक्या दातातून म्हणाली. मी खरे ते सांगितले, पोलिसांनी लिहून घेतले, कुऱ्हाड नेली. जावई जामिनावर सुटला आहे. रोज संध्याकाळी फोन करतो. मुलगी फोन घेऊन अंगणात जाते, पण आमच्या भिंती पातळ आहेत. काल ती विचारत होती, "तुझा पाय कसा आहे?"

कलम ७. म्हणून मी असे लिहून ठेवते की माझ्या पश्चात सदर होडी इंजिनासह माझ्या मुलीला मिळावी, परंतु या अटीवर की तिने जावयाच्या छपराखाली पुन्हा एकही रात्र काढू नये. ती तशी राहिल्याचे आढळल्यास तिचा होडीवरील हक्क संपुष्टात येईल, आणि भाच्याने होडीचे ग्राइंडरने तीन तुकडे करून ते भंगारात टाकावेत. यात कोणी आडवे आल्यास त्याचीही गय करू नये.

(वरील कलम पूर्ण खोडले आहे. खोडलेले वाचता यावे आणि ते का खोडले हेही समजावे, म्हणून पुढचा मजकूर मीच लिहायला लावला.)

अंगणाचे दार उघडे होते. मुलगी ग्राइंडरने होडीचा तळ घासत होती. सातवे कलम सांगून होईपर्यंत ग्राइंडर कधी बंद झाला ते माझ्या लक्षात आले नाही. ती आत आली, नखशिखांत पांढरी, मास्क गळ्यात लोंबत होता.

"काय लिहिलंत? परत वाचा," ती कारकुनाला म्हणाली. त्याने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्याने वाचले.

"छान," ती म्हणाली. "तो म्हणतो, आली नाहीस तर होडी फोडीन. तू म्हणतेस, गेलीस तर होडी कापीन. तुम्हा दोघांना माझी होडीच बरी सापडली."

"मी तुझ्या भल्यासाठी—"

"तोही हेच म्हणतो, आई. शब्द न् शब्द हेच."

मी टेबलावरचा पेला उचलून तिच्याकडे भिरकावला. डाव्या हाताने फेकला म्हणून भिंतीवर फुटला. कारकून टेबलाखाली गेला. मुलीने काचांकडे पाहिले. "निदान त्याचा नेम तरी चांगला आहे," असे म्हणून ती बाहेर गेली.

ग्राइंडर पुन्हा सुरू झाला. मला वाटले, बसली कामाला, राग निवेल. पण घासतानाचा आवाज घरघरता असतो आणि कापतानाचा चिरका. हा चिरका होता. मी बरगड्या धरून धावले. तिने कापायची चकती लावली होती आणि होडीची कड कापत होती. पांढरा धूर उडत होता. वीतभर चीर आत गेली होती आणि ती ग्राइंडर अंगाचा भार देऊन दाबत होती.

"भाच्याला कशाला त्रास?" ती त्या आवाजात ओरडली. "माझी होडी मीच कापते! मग तुझ्या हातात काही राहणार नाही, त्याच्याही नाही!"

मी वायर ओढली. प्लग निघाला आणि मी टायरवर आदळले. चकती फिरत फिरत थांबली. "बोल," ती म्हणाली, "अजून काय काय कापायचं?"

माझा हात वर गेला. मला तिला थोबाडीत मारायची होती, मी खोटे सांगत नाही. प्लास्टरचाच हात वर गेला. आणि तिने लगेच कोपर वाकवून चेहऱ्यासमोर धरले, मान एका बाजूला वळवली आणि डोळे मिटले. विचार न करता, सवयीने. माझ्यासमोर. ही सवय तिला कुठे लागली ते मला ठाऊक आहे. जन्मभर मी कोणाकोणाला मारले, कोणाचेच काही वाटले नाही, पण माझ्या लेकीचे ते वाकवलेले कोपर मला बघवले नाही. मी हात खाली घेतला आणि मोठ्याने रडले. ती मला धरायला आली नाही. ग्राइंडर पोटाशी धरून उभी राहिली. बरोबर केले तिने.

कलम ८. सदर होडी, वल्ही, इंजिन, ग्राइंडर, रोलर आणि रेझिनचे पिंप मी आज, हयातीत, माझ्या मुलीला देऊन टाकले आहे. पावती तिच्या हातात दिली, कारकुनाने पाहिले. मी मेल्यावर द्यायचे असे होडीबाबत आता काही उरलेले नाही. अट नाही. ती त्याच्याकडे गेली तरी होडी तिची. तिने राजाला इंजिनापाशी बसवले तरी तिचीच. हे वाक्य सांगणे मला आवडलेले नाही, हेही कारकुनाने लिहावे. जाणार आहेस का, असे मी तिला विचारले नाही. तिने सांगितले नाही. कापलेल्या कडेला दोन्ही बाजूंनी उतार द्यावा लागेल, मगच चटई धरेल, एवढे मी म्हटले. ती म्हणाली, "माहितीये."

कलम ९. वरील सर्व व्यवस्था माझ्या पश्चात बहिणीने पाहावी. तिला कोणी त्रास दिल्यास भाच्याला बोलवावे. आठवे कलम सोडून बाकी सर्व बाबतीत माझे मत आहे तेच आहे.

हे मला वाचून दाखवले, मी ऐकले, पटले, म्हणून सही करते.

सही: डाव्या हाताने केली, वेडीवाकडी आहे, पण माझीच आहे.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल. वार शनिवार, दुपार. तारीख शिक्क्याखाली.

साक्षीदार १: वकीलबाईंचा कारकून. पत्ता: वकीलबाईंचे कार्यालय.

साक्षीदार २: कारकून म्हणाला की ज्याला या पत्राने काही मिळते त्याने साक्षीला राहू नये, म्हणजे बहीण चालणार नाही. मास्तरांना मी उंबरा ओलांडू देणार नाही. मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "मला काहीच मिळत नाही ना आता? मग द्या पेन." हात धुऊन आली, सही केली, स्वच्छ अक्षरात. पुढे पत्त्याची ओळ होती. कारकुनाने विचारले, "ताई, पत्ता कुठला घालू? सासरचा की इथला?"

तिने पेनाला टोपण लावले.

"कुठलाच नको," ती म्हणाली. "धक्क्याजवळ खोली बघितलीय मी, गेल्याच आठवड्यात. सोमवारी किल्ली मिळेल. तेव्हा येऊन भरते."

पत्ता: ______________